बनियनचा फडका, दोन बादल्या आणि काळी गाडी

काळी गाडी घेऊ नकोस, असं मला तिघांनी सांगितलं होतं. सेकंडहँड होती, भाव बरा होता, घेतली. पुण्यातल्या पहिल्याच ऑक्टोबर हीटमध्ये ती सोसायटीच्या पार्किंगमधून उन्हात काढली आणि पोटात गोळा आला. बॉनेटवर सूर्य पडला होता आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे हजारो बारीक गोल ओरखडे चमकत होते. गाडी तर रोज पुसली जात होती. रोज पुसली जात होती म्हणूनच ते ओरखडे होते, हे कळायला मला वर्ष लागलं. त्या वर्षात मी जे बिघडवलं ते नवख्याने बिघडवू नये, म्हणून हे सगळं.

आमच्याकडे पूर्वी प्रीमियर पद्मिनी गाडी होती. दिवाळीच्या आधी बाबा फाटकं बनियन घेऊन तिला रबिंग करायचे आणि बनियनला गाडीचा रंग लागायचा. त्या गाड्यांवर रंगच सगळ्यात वर असायचा. उन्हाने मेलेला वरचा पापुद्रा घासून काढला की खालचा ताजा रंग दिसायचा, म्हणून बाबांची पद्धत बरोबर होती. आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यावर गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर बिनरंगाचा क्लिअर कोट असतो. चारही थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ४०-५०च्या आसपास. म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याचीच, ओरखडेही त्यातलेच, आणि तो परत उगवत नाही.

हे मला ठाऊक नव्हतं. दुकानातून रबिंग कंपाउंडचा, म्हणजे रंग घासून काढणाऱ्या खरखरीत पेस्टचा, डबा आणला, बाबांचंच बनियन घेतलं आणि एका रविवारी भर दुपारी बॉनेट घासत बसलो. ओरखडे गेले नाहीत, वर धुरकट पट्टे आले. डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रींना दाखवलं, तर त्यांनी बॉनेटवर तिरका टॉर्च मारला आणि म्हणाले, "दादा, आता हात लावू नका. आधी धुवायला शिका."

मला राग आला होता. पण सगळं धुण्यातच आहे, पॉलिश फार नंतर येतं.

आपल्याकडे पहाटे गाडी पुसायला येणारे दादा एक बादली, एक फडका घेऊन दहा-बारा गाड्या करतात. तिसऱ्या गाडीपर्यंत त्या पाण्यात रस्त्यावरची बारीक वाळू आलेली असते आणि चौथ्या गाडीवर तो फडका पॉलिशपेपरचं काम करतो. दोष त्यांचा नाही, तेवढ्या पैशात आणि वेळेत दुसरं काय होणार? मी त्यांना म्हटलं, पैसे तेवढेच घ्या, पण फक्त काचा आणि टायर करा. त्यांना वाटलं मी रागावलोय.

कोरड्या धुळीवर फडका फिरवायचा नाही, एवढा एकच नियम पाळलात तरी अर्धं काम झालं. आमच्या सोसायटीत पाइप लावायला बंदी आहे, म्हणून मी बागेतला हाताने हवा भरायचा दोन लिटरचा फवारणी पंप वापरतो. आधी त्याने नुसतं पाणी मारून सैल धूळ खाली उतरवायची. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पॅनल पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा आणि मगच परत शाम्पूत. काम संपल्यावर दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेला गाळ पाहा, तो एरवी गाडीवर फिरला असता. टपापासून सुरुवात करून खाली यायचं. चाकांना वेगळा फडका, तो बॉनेटला कधीच नाही. भांडी घासायचं लिक्विड वापरू नका, ते तुपाबरोबर गाडीवरचं वॅक्सही काढतं. डिझेलचा फडका मारायची टॅक्सीवाल्यांची जुनी रीत आहे, ती तासभर झगमगते आणि मग त्या तेलकटपणावर सगळी धूळ येऊन बसते.

आता बोअरचं पाणी. आपल्या भागात ते बहुतेक जड असतं. उन्हात वाळलं की थेंबाथेंबाचे पांढरे डाग राहतात आणि तसेच भाजत राहिले तर क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडतात. म्हणून सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना धुवा आणि लगेच जाड मायक्रोफायबरने टिपून घ्या. टिपून, रगडून नाही. ताजे डाग पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात, नंतर भरपूर पाणी ओता. कबुतराची विष्ठा त्याहून वाईट. ती ऑफिसातून येईपर्यंत ठेवू नका, ओला टिश्यू पाच मिनिटं वर ठेवून अलगद उचला.

धुतलेल्या गाडीवर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. स्वच्छ दिसणारा पत्रा खरखरीत लागेल. ब्रेकची लोखंडी धूळ, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक असं काहीबाही रंगात रुतलेलं असतं. त्याला क्ले बार लागतो. ती मळलेल्या कणकेसारखी गोळी असते. पत्रा शाम्पूच्या पाण्याने सरसरीत ओला ठेवायचा आणि गोळी चपटी करून, जोर न लावता, सरळ रेषेत सरकवायची. आधी अडखळते, मग निसटायला लागते, तेव्हा पुढे जायचं. मळली की घडी घालून नवी बाजू काढायची. खाली फरशीवर पडली तर फेकून द्या. माझी अर्धी गोळी अशी गेली आणि कंजूषपणा करून मी ती उचलून वापरली. डाव्या दारावर त्याची खूण आहे. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आधी एकदा क्ले केलं की वर्षभर पुरतं.

पॉलिश मी दुसऱ्या वर्षी केलं, तेही मशीनने. नवख्याने ड्युअल ॲक्शन मशीन घ्यावं, त्याचं पॅड फिरता फिरता जागाही बदलत राहतं. गॅरेजातलं रोटरी एकाच जागी गरगर फिरतं आणि कडेवर रंग जाळू शकतं. सगळ्यात सौम्य पॉलिश, मऊ पॅड आणि आधी दोन फूट बाय दोन फुटांचा एकच तुकडा. उभं-आडवं सावकाश फिरवा, पुसा, टॉर्च मारून पाहा. कडा आणि पॅनलच्या घड्यांवर मास्किंग टेप लावा, तिथे रंग पातळ असतो. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने काढायला जाऊ नका. माझे साधारण सत्तर टक्के ओरखडे गेले आणि मी थांबलो.

एक चोरी ओळखायला शिका. काही पॉलिशमधली तेलं ओरखडे बुजवतात, गाडी आरशासारखी दिसते आणि दोन धुण्यांनंतर जाळं परत येतं. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसला की खरं काय ते लगेच दिसतं. बाहेर पॉलिश करून घेणार असाल तरी हे आधी मागा. चेहरे बघण्यासारखे होतात.

मग वॅक्स. ब्राझीलमधल्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरून निघणारं कारनौबा वॅक्स छान खुलतं, पण आपल्या उन्हापावसात महिना-दोन महिने टिकलं तरी खूप. वॅक्सचंच काम करणारा सिंथेटिक सीलंट जास्त टिकतो, मी तोच लावतो. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे क्लिअर कोटवर घट्ट बसणारा कडक थर, त्या भानगडीत घरी पडलो नाही. त्याला बिनधुळीची बंद जागा लागते आणि आमच्या शेजारी बांधकाम चालू आहे. शिवाय जाहिरातीतलं '९एच' हे पेन्सिलींच्या कडकपणाच्या चाचणीतलं माप आहे. त्यावर किल्लीचा ओरखडा उमटतोच.

गेल्या दसऱ्याला गाडी इतकी लखलखली की बाबा खाली आले. एका हातात झेंडूची माळ, दुसऱ्यात हळदकुंकू. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायला बोट पुढे केलं आणि मी दोन्ही हात आडवे धरले. शेवटी काचेवर तोडगा निघाला. मग त्यांनी खिशातून बनियनचा तुकडा काढला आणि म्हणाले, "बरं, मग मी कुठे पुसू?" मी दार उघडून आतली चौकट दाखवली.