लिनक्स टाकताना बूट मोडच्या या चुका टाळा

विंडोजशेजारी उबुंटू लिनक्स टाकलं, कुठे अडलं नाही, आणि रीस्टार्ट केल्यावर थेट विंडोजच उघडलं. किंवा ग्रब (कुठली सिस्टम सुरू करायची ते विचारणारा लिनक्सचा बूटलोडर) आला, पण त्याच्या यादीत विंडोज गायब. अशा वेळी लोक पुन्हा इन्स्टॉल करत बसतात आणि तीच चूक पुन्हा करतात: विंडोज यूईएफआय मोडमध्ये (मशीन सुरू करायची नवी पद्धत), लिनक्स टाकायचा पेनड्राइव्ह लेगसीत (जुनी, बायोसची पद्धत).

कुठला मोड हवा, हे इन्स्टॉलर विचारत नाही. तो स्वतः ज्या मोडमध्ये सुरू झाला, त्याच मोडचा बूटलोडर टाकतो. निकाल लागतो तो आधीच, मशीन चालू होताना उघडायच्या बूट मेनूत. तिथे एकच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो: एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेला, एकदा नुसता. घाईत नुसत्यावर एंटर दाबलं की झालं.

म्हणून आधी विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’समोर काय लिहिलंय ते बघा आणि पेनड्राइव्ह त्याच मोडमध्ये बूट करा. लाइव्ह डेस्कटॉप (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) आल्यावर खात्री करायची तर रूटमधल्या ‘सिस’ फोल्डरात ‘फर्मवेअर’ उघडा. आत ‘ईएफआय’ फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी. विंडोजच्या मोडशी जुळत नसेल तर रीस्टार्ट करा, पुढे जाऊ नका.

पेनड्राइव्ह दिसत नाही म्हणून सीएसएम (यूईएफआय मशीनवर लेगसी बूट होऊ देणारी सोय) चालू करणं ही दुसरी चूक. पेनड्राइव्ह बनवताना रुफस या सॉफ्टवेअरमध्ये कुठला मोड निवडला होता ते आधी तपासा. सिक्युअर बूटला (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) घाबरायचं कारण नाही, उबुंटू आणि फेडोरा ते चालू ठेवूनही बूट होतात. बंद करावंच लागलं, तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की आधी जवळ ठेवा. विंडोज ती मागू शकतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक पार्टिशनच्या पडद्यावर होते. विंडोजचं ईएफआय पार्टिशन साधारण १०० एमबीचं, फॅट३२. ‘फालतू दिसतंय’ म्हणून ते फॉरमॅट केलं की विंडोजचा बूटलोडरही गेला. तेच पार्टिशन निवडा, माउंट पॉइंट ‘/बूट/ईएफआय’ द्या आणि फॉरमॅटची खूण काढलेली ठेवा.

जुन्या मशीनवर लेगसीच हवं असेल आणि डिस्क जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) असेल, तर १ एमबीचं ‘बायोस बूट’ पार्टिशन लागतं, फॉरमॅट न केलेलं. एमबीआर (तीच नोंद ठेवायची जुनी पद्धत) डिस्कवर ग्रब पहिल्या पार्टिशनआधीच्या मोकळ्या जागेत बसतो. जीपीटीत तिथे तिचा स्वतःचा तक्ता असतो. एमबीआर वापरायचं तर २ टीबीपुढची जागा मिळणार नाही.

मोडची चूक होऊन गेली असेल तरी लिनक्स पुसू नका. पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये बूट करून बूट-रिपेअर हे बूट दुरुस्तीचं साधन चालवा. ईएफआय पार्टिशन शाबूत असेल तर ग्रब तिथे जाऊन बसतो. त्यानंतरही विंडोजच उघडत असेल, तर फर्मवेअरच्या बूट क्रमात ‘उबुंटू’ वर आणा.