नागरिकांची सनद अद्ययावत करताय? या चुका टाळा

नागरिकांची सनद म्हणजे कार्यालय कोणती सेवा किती दिवसांत, किती शुल्कात देणार आणि न दिल्यास अपील कोणाकडे करायचं, याची जाहीर यादी. ‘सनद अद्ययावत करून अहवाल सादर करा’ असं पत्र वरून आलं की बहुतेक नगरपरिषदांत एकच प्रकार होतो. आस्थापनेतल्या सगळ्यात नव्या लिपिकाला संगणकापुढे बसवतात आणि संध्याकाळी सनद तयार.

वास्तविक शहराच्या कारभारातलं जे थोडंफार शहराच्या हातात असतं, त्यात ही सनद मोडते. मुंबईचा कारभार १८८८ च्या अधिनियमावर, इतर महापालिकांचा १९४९ च्या आणि नगरपरिषदांचा १९६५ च्या. त्यात बदल करायचा तर विधिमंडळच हवं. सनद मात्र कार्यालयाने स्वतः करायची असते. बदल्या आणि दप्तरदिरंगाईच्या २००५ च्या कायद्याने ती बंधनकारक केली, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने तिच्यातल्या मुदतींना दात दिले.

दुसऱ्याची सनद उचलणे

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. एका ‘क’ वर्ग, म्हणजे लहान गावाच्या नगरपरिषदेने मोठ्या महापालिकेची सनद उतरवून घेतली, ‘महानगरपालिका’च्या जागी सगळीकडे ‘नगरपरिषद’ केलं आणि फलक लावून मोकळे झाले. कलमं तशीच, १९४९ च्या अधिनियमाची. जलतरण तलावाच्या सभासदत्वालाही मुदत छापलेली. गावात पोहायचं तर विहीर. इथवर हसून सोडता आलं असतं. पण प्रथम अपील प्रभाग अधिकाऱ्यांकडे आणि द्वितीय अपील उपआयुक्तांकडे, असंही छापलं होतं.

घराला वडिलांच्या जागी आपलं नाव लावून घ्यायचं म्हणून एक काका हेलपाटे घालत होते. प्रथम अपिलावर काही हललं नाही, म्हणून ते दुसरं अपील घेऊन आले. वर नीट लिहिलेलं, ‘मा. उपआयुक्त’. आवक टेबलावरचा लिपिक म्हणाला, “काका, असं पदच आपल्याकडे नाही. घेता येणार नाही.” काकांनी मोबाईल काढला आणि फलकाचा फोटो पुढे केला. “मग हे कोणी लिहिलंय?” कार्यालयीन अधीक्षक आले, फोटो बोटांनी मोठा करून वाचला आणि विचारतात काय, “हा फलक आपलाच का?” दुसऱ्या अपिलाला तीस दिवस मिळतात आणि काकांचे भरत आले होते. शेवटी लोकसेवा हक्काची अधिसूचना शोधून, योग्य पद बघून तिथेच अर्ज पुन्हा लिहून घेतला.

मी सुरुवात कधीच दुसऱ्याच्या पीडीएफपासून करत नाही. आधी आवक नोंदवही मागतो. लोक खरंच कशासाठी येतात ते तिथे दिसतं. मग एकेक सेवा लोकसेवा हक्काच्या अधिसूचनेशी ताडायची: दिवस, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो), दोन्ही अपिलीय अधिकारी. तिसरं अपील लोकसेवा हक्क आयोगाकडे साठ दिवसांत करता येतं, तीही ओळ घाला. ती बहुतेक फलकांवर ‘जागा नव्हती’ म्हणून गाळलेली असते. कंटाळवाणं काम आहे, मान्य. ज्यांना दुपारपर्यंत उरकायचं असतं त्यांनी हे टेबल मागून घेऊच नये.

‘पंधरा दिवस’, पण कधीपासून?

नागरिक अर्ज दिल्या दिवसापासून मोजतो, टेबलावरचा माणूस कागद पूर्ण झाल्यापासून. अधिनियम म्हणतो, सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाला की मुदत सुरू. आणि पोच देताना तारीख, अर्ज क्रमांक आणि मुदत लिहून द्यायची. म्हणजे सगळा भार कागदांच्या यादीवर येतो. आणि यादीच्या शेवटी हमखास असतं, ‘व इतर आवश्यक कागदपत्रे’. ही ओळ दिसली की माझा लाल पेन थांबत नाही. आज घरपट्टीची पावती, परवा नाहरकत, पुढच्या आठवड्यात प्रतिज्ञापत्र. अर्ज कधी परिपूर्ण होतच नाही आणि मुदत कधी सुरूच होत नाही.

यादी करायची तर अलीकडे मंजूर झालेल्या चार-पाच फायली काढा आणि आत कोणते कागद लागलेत ते पाहा. यादीत आहे पण एकाही फायलीत नाही, असा कागद कशाला मागता? तो कशाच्या आधारावर मागतोय ते टेबलाला दाखवता आलं नाही, तर उडवा. काही साहेब पाचशे ते पाच हजारांच्या दंडाला भिऊन मुदतच फुगवायला सांगतात. अधिसूचनेतल्या दिवसांपेक्षा एकही दिवस जास्त छापता येत नाही, हे त्यांना लेखी टिप्पणीतच दाखवावं. तोंडी ऐकत नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात. अधिकाऱ्यांची नावं छापू नका, पदनाम छापा. बदलीचा आदेश निघाला की फलक खोटा ठरतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच संकेतस्थळावर चढवू नका, आधी युनिकोडमध्ये आणा. वाकडं स्कॅन चालणार नाही. फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो घालून अपिलाचा रकाना बारीक अक्षरात ढकलू नका.

कायदा बदललाय का, हे दर वेळी पाहा. वर्ष उलटल्यावर जन्मनोंद करायची तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आणा, असं कित्येक सनदांत अजून आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांचा आहे. माणूस उगाच कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली, तरी बांधकाम परवानगीचं पान जुनंच. जकात जाऊन जमाना झाला. ‘जकात परतावा’ मी एका सनदेत अलीकडे वाचलाय.

आणि सनद ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून सभेत घुसवू नका. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर; वाचलेली कोणीच नसते, आणि आपल्या टेबलाची मुदत तीसची पंधरा झाली हे खिडकीवरच्या लिपिकाला फलक पाहून कळतं. मसुदा आधी त्याच्या हातात द्या. कुठला कागद मागवल्यावर लोक परत जातात आणि कुठली सही आठवडाभर मिळत नाही, ते तो चहा संपायच्या आत सांगतो.