पुठ्ठ्याचा वाडा: घरच्या घरी डॉलहाऊस

डॉलहाऊस म्हटलं की सगळे गुलाबी बंगलाच करायला घेतात. नाशिकमध्ये राहून वाडा सोडून बंगला कशाला? सराफ बाजाराकडे गेलात तर सरकारवाडा नीट बघून या, खांब, चौक, जिना, सगळं.

आधी माप ठरवा आणि शेवटपर्यंत सोडू नका. १:१२ घ्या, म्हणजे खरा १ फूट इथे १ इंच, मग खोली ९-१० इंच उंच, दार साडेसहा, जिन्याची पायरी जेमतेम दीड सेंटीमीटर. विंडसरचं क्वीन मेरीचं डॉलहाऊस पण याच मापाचं, १९२१ ते २४ मध्ये झालेलं, आणि आर्किटेक्ट आपले नवी दिल्लीवाले लुटियन्स!

भिंतींना द्राक्षांच्या पेट्यांचा पुठ्ठा बेस्ट, सीझनला फळवाल्याकडे सहज मिळतो. दोन थर चिकटवायचे, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, फेव्हिकॉल पातळ पसरवून रात्रभर वजनाखाली ठेवायचं. कागद लावताना दोन्ही बाजूंनी लावा, एकाच बाजूला लावला की भिंत वाकलीच म्हणून समजा. पावसाळ्यात हे सगळं वाळायला फार वेळ लागतो त्यामुळे घाई असेल तर पाऊस संपल्यावरच हात घाला. समोरची बाजू उघडी ठेवा नाहीतर आत हात कसा जाणार.

कौलांसाठी पुठ्ठ्याचा वरचा कागद जरा ओला करून सोलायचा, आतल्या नळ्या दिसतात, वाळल्यावर गेरूचा हात मारला की झालं.

लाईट लावायची असेल तर वायरची भोकं भिंती उभ्या करायच्या आधीच पाडा, सेलवरची छोटी एलईडी माळ पुरते.

आता सामान, म्हणजे खरी मजा. भांडी बाजारात भातुकलीची पितळी भांडी बघताना हौसेने पिशवी भरू नका, पट्टी घेऊन जा. दोन इंची हंडा आपल्या वाड्यात दोन फुटी होतो, दीड इंचाचा तांब्या तर रांजणच वाटतो. मला विचाराल तर चारच भांडी घ्या पण मापात. झोपाळ्याला आइस्क्रीमच्या काड्या आणि बारीक साखळी. पडद्यांना जाड कापड नको, ते ताठ उभं राहतं, जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा घ्या, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून पिळा, टाचण्यांनी चुण्या धरून वाळवा. आणि धूळ झटकायला पेंटिंगचा मऊ ब्रश, ओलं फडकं चुकूनही नाही.