थकबाकीदार यादीतून गायब का होतो: जॉइन क्वेरीची तपासणी

मुंबईतली ८४ फ्लॅटांची सोसायटी घ्या. डेटाबेसमध्ये चार टेबलं: फ्लॅट, सदस्य, बिलं, पावत्या. मेंटेनन्स महिना ४,५०० रुपये. वार्षिक सभेसाठी थकबाकीची यादी हवी म्हणून चारही टेबलं एकाच क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) जॉइनने, म्हणजे सामायिक कॉलमवर ओळी जुळवून, एका दमात जोडली, तर तिमाही पैसे भरणाऱ्या फ्लॅटच्या नावावर ४,३२,००० रुपये जादा जमा दिसतात. ज्याने वर्षभर दमडी दिली नाही, तो यादीतच नाही. एरर मात्र एकही नाही. जॉइनची गोम हीच, चुकला तरी तो निमूट उत्तर देतो.

क्वेरीला हात लावण्याआधी प्रत्येक टेबलातली एक ओळ म्हणजे काय, ते कागदावर लिहा. फ्लॅट टेबलात फ्लॅटमागे १ ओळ. बिलांत वर्षाला १२. पावत्यांत कुणाच्या १२, कुणाच्या ४, कुणाची एकही नाही. नवरा-बायको दोघांच्या नावे फ्लॅट असेल तर सदस्यांत २. मग व्हेअरमध्ये (ओळी निवडणाऱ्या अटीत) एकच फ्लॅट धरा, सगळे जॉइन काढा आणि एकेक परत लावत दर वेळी ओळींचा काउंट घ्या. तिमाहीवाल्याचा फ्लॅट घेतला तर सुरुवातीला १, बिलं जोडल्यावर १२, पावत्या जोडल्यावर ४८. इथेच थांबा, चोर सापडला.

बिलं आणि पावत्या दोन्ही फ्लॅटशी बांधलेल्या आहेत, एकमेकांशी नाहीत. त्यामुळे प्रत्येक बिलाची प्रत्येक पावतीशी जोडी लागते. ५४,००० चं बिल ४ वेळा मोजून २,१६,००० होतं, ५४,००० ची जमा १२ वेळा मोजून ६,४८,००० होते, आणि फरक ४,३२,०००. दरमहा भरणाऱ्याचं काय? त्याचे दोन्ही आकडे सारखेच १२ पट फुगतात आणि बाकी शून्य, अगदी बरोबर येते. तपासायला नेमका तोच फ्लॅट उचलला तर चूक कधीच दिसणार नाही.

इथे बहुतेकांचा हात डिस्टिंक्टकडे, म्हणजे सारख्या किमती एकदाच धरणाऱ्या शब्दाकडे जातो. आवरा. रकमेवर सम (बेरीज) डिस्टिंक्ट लावलं की ४,५०० ची बारा बिलं एकच समजली जातात आणि वर्षाचं बिल ४,५०० येतं. खरा उपाय म्हणजे आधी बेरीज, मग जॉइन: एका सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) बिलांची फ्लॅट आयडीवर ग्रुप बाय करून, म्हणजे फ्लॅटवार गट पाडून बेरीज, दुसरीत पावत्यांची, आणि या दोन्ही फ्लॅट टेबलाला लेफ्ट जॉइनने जोडा; जोडी नसली तरी तो फ्लॅटची ओळ ठेवतो. सबक्वेरीला आधीच नाव देणारं विथ वापरलंत तर वाचायलाही सोपं. सहमालकांची नावं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये स्ट्रिंग ॲगने, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ग्रुप कॉनकॅटने अशीच आधी एका ओळीत आणा.

आता गायब झालेला थकबाकीदार. साधा जॉइन असेल तर पावती नाही म्हणून त्याची ओळच गळते. लेफ्ट जॉइन करूनही गळत असेल तर पावतीच्या तारखेची अट व्हेअरमध्ये आहे का बघा. पावतीच नसल्याने तिथे नल (किंमतच नाही अशी रिकामी जागा) असतं, नलची कुठलीही तुलना खरी ठरत नाही आणि ओळ उडते. अट ऑनमध्ये (जॉइनच्या स्वतःच्या अटीत) किंवा सबक्वेरीच्या आत हलवा. त्यानंतरही बाकीच्या जागी रिकामं दिसलं तर ५४,००० वजा नल म्हणजे नलच, म्हणून जमा रकमेला नलच्या जागी दुसरी किंमत देणारं कोअलेस लावून शून्य द्या. ‘पावती नसलेले फ्लॅट’ नॉट इनने (‘यादीत नाही’ या अटीने) शोधत असाल आणि पावत्यांत एक जरी फ्लॅट आयडी नल असेल, तर एकही फ्लॅट मिळत नाही. नॉट एक्झिस्ट्स (‘अशी ओळच नाही’ ही अट) वापरा.

तारखेत आणखी एक खोच आहे. कॉलममध्ये वेळही साठवली असेल तर ‘३१ मार्चपर्यंत’चं बिटवीन (या तारखेपासून त्या तारखेपर्यंतची अट) ३१ तारखेच्या मध्यरात्री ०० वाजताच संपतं, आणि त्या दिवशी भरलेले पैसे बाहेर राहतात. ‘१ एप्रिलच्या आधी’ असं लिहा.

ओळी जुळतच नसतील तर बहुधा जॉइन आयडीऐवजी मजकुरावर आहे. ‘बी-३०२’ आणि ‘बी ३०२’ वेगळे. एका टेबलात इंग्रजी आकडे, दुसऱ्यात देवनागरी, तरी वेगळे. नावांचं तर विचारूच नका: ‘कऱ्हाडकर’ हे ऱ वापरून टाइप होतं, तसंच साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालूनही. पडद्यावर दोन्ही सारखीच, पण दुसऱ्याची लांबी कॅरेक्टर लेंथने मोजली तर एकाने जास्त भरते. आयडीवर जोडा.

उत्तर बरोबर पण क्वेरी रेंगाळते, तर एक्सप्लेन चालवा; डेटाबेस ती क्वेरी कशी चालवणार ते त्यात दिसतं. मोठ्या टेबलावर पूर्ण स्कॅन दिसला की जोडणाऱ्या कॉलमवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आहे का बघा. मायएसक्यूएलचं इनोडीबी (डेटा साठवणारं इंजिन) फॉरेन कीसाठी, म्हणजे दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमसाठी, इंडेक्स स्वतः बनवतं, पोस्टग्रेस बनवत नाही. एक्सप्लेन ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवतं. त्यामुळे पोस्टग्रेसमध्ये अपडेट किंवा डिलीटवर ते लावायचं असेल तर आधी बिगिन (व्यवहार सुरू) आणि शेवटी रोलबॅक (केलेले बदल परत).