पोंगेमरीला टिकणारी ज्वारी आपल्याच रानात कशी पारखायची

खोडमाशीची अळी ज्वारीच्या कोवळ्या रोपाचा पोंगा, म्हणजे मधला शेंडा, मारते, तीच पोंगेमर. एखाद्या ज्वारीत पोंगेमर दिसली नाही म्हणून ती खोडमाशीला टिकते असं म्हणता येत नाही. कदाचित त्या रानात माशी आलीच नसेल. वाण पारखायचं तर आधी माशी भरपूर येईल अशी सोय करावी लागते आणि तिला हमखास बळी पडणारं वाण शेजारी लावावं लागतं.

त्यासाठी सीएसएच १ किंवा स्वर्णा घ्या. ते मिळालं नाही तर आपल्या भागात दरसाल ज्याची पोंगेमर होते असं कोणतंही वाण चालेल. याच्या ४ सापळा ओळी तपासायच्या वाणांच्या २० दिवस आधी पेरा. उगवून आठवडा झाला की त्यांत सुकटीचा ओला भुगा टाका, त्या वासावर माशी येते. तिची एक पिढी साधारण तीन आठवड्यांत पुरी होते, त्यामुळे सापळ्यातून निघालेल्या माश्या नेमक्या तुमच्या कोवळ्या रोपांवर येतात.

मग दगडी, मालदांडी ३५-१, परभणी मोती, शेजारच्या गावातलं गावरान, जे तपासायचं ते प्रत्येकी ४ मीटरच्या दोन ओळींत लावा. तुलनेसाठी तेच बळी पडणारं वाणही पुन्हा यांच्यासोबत घ्या. अंतर ४५ बाय १५ सेंमी. तिफणीत बियाणं मिसळतं, म्हणून टोकूनच लावा. प्रत्येक वाण तीन ठिकाणी यायला हवं आणि दर वेळी क्रम बदलायला हवा, कारण बांधाकडेला आणि मध्यात माशी सारखी नसते.

सगळ्यात जास्त घोळ बियाण्यात होतो. पाकिटातलं रंगीत बियाणं इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झामची प्रक्रिया केलेलं असेल, तर टिकाव औषधाचा असतो आणि श्रेय वाणाला जातं. बिगरप्रक्रियेचंच बियाणं घ्या, आणि त्या रानात फवारणीही नको.

उगवल्यापासून १४व्या आणि २१व्या दिवशी पानं उलटून पाहा. मधल्या शिरेला समांतर एकेकटं, पांढरं, लांबट अंडं चिकटलेलं असतं. अंडी असलेली रोपं मोजा. मेलेले पोंगे २१व्या आणि २८व्या दिवशी मोजा. पोंगा ओढला की अलगद निघतो, बुडाशी सडलेला असतो आणि घाण वास येतो. पानांवर ओळीत छिद्रं असतील तर तो खोडकिडा, त्याला यात धरू नका. मेलेल्या पोंग्यांना एकूण ताटांनी भागून १००ने गुणलं की टक्केवारी निघते. तुलनेच्या वाणात निम्मी ताटंही मेली नसतील तर त्या हंगामाचा निकाल सोडून द्या.

दहा-बारा दिवसांच्या रोपांवर सकाळच्या उन्हात नजर टाका. फिकट हिरवी, चकाकणारी, अरुंद, ताठ पानं आणि पानाखाली बारीक लव असेल तर माशी तिथे अंडी कमी घालते. जोमाने वाढणारी रोपंही वाचतात. पण हा टिकाव माशीच्या आवडीनिवडीवर आहे, आजूबाजूला दुसरी ज्वारीच नसेल तर ती याच पानांवर बसते. म्हणून निवडलेलं वाण पुढच्या हंगामात एकट्याने, वेगळ्या तुकड्यात लावून बघा.

पोंगा मेल्यावर फुटवे येतात. त्यांना कणसं किती लागली तेही काढणीला मोजा, कोरडवाहूत हा गुण फार मोलाचा ठरतो. बियाणं राखायच्या ताटांची कणसं फुलोऱ्याआधी कागदी पिशवीने झाका, नाहीतर शेजारच्या ओळीचा परागकण येऊन वाण बिघडतं.