परतीचा पाऊस ओसरताच एटीव्हीचे ब्रेक ऑइल बदलावे : कोल्हापूर जिल्ह्यातील बागायतदारांसाठी हंगामी सल्ला

परतीचा पाऊस ओसरला की कोल्हापूर जिल्ह्यात कामांची एकच घाई उडते. शिरोळ-हातकणंगले भागात उसाच्या फडांची तयारी सुरू होते, गगनबावडा-राधानगरीकडे भाताची कापणी आणि मळणी निघते, तर आजरा-चंदगडच्या काजूबागांत मोहोर येण्याआधी गवत काढून बुंधे मोकळे करावे लागतात. डोंगरउतारावरच्या बागेत खताची पोती, फवारणीचा पंप आणि पाण्याचे कॅन वाहून नेण्यासाठी ज्या बागायतदारांनी चारचाकी एटीव्ही (खडबडीत वाटेवर चालणारी, हँडलची उघडी गाडी) घेतली आहे, त्यांनी ही घाई सुरू होण्याआधी तिचे ब्रेक ऑइल बदलून घ्यावे. खंडेनवमीला अवजारे आणि वाहने धुऊन त्यांची पूजा होतेच. त्याच आठवड्यातील एखादी कोरडी, ऊन पडलेली दुपार या कामासाठी राखून ठेवावी.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांच्या अंगातून आणि कॅलिपरच्या (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सीलमधून हा ओलावा हळूहळू आत शिरतो. चार महिने पावसात, दाट धुक्यात आणि ओढ्याच्या पाण्यातून फिरलेल्या गाडीत तो साहजिकच अधिक साठतो. नव्या डॉट 4 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रतवारी) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असतो, पण त्यात 3.7 टक्के पाणी मिसळले की तो 155 अंशांपर्यंत उतरलेला चालतो, असे मानकच सांगते. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140 अंश आहेत. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की डिस्क आणि पॅड तापतात, ती उष्णता कॅलिपरमधील ऑइलपर्यंत पोहोचते आणि त्यातील पाण्याची वाफ होते. ऑइल दाबले जात नाही म्हणूनच ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे लिव्हर हँडलला टेकते आणि गाडी थांबत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे मला फार गरजेचे वाटते. हँडलवरच्या छोट्या टाकीतील ऑइल स्वच्छ दिसले म्हणजे ब्रेक ठीक आहे, असे बहुतेकजण धरून चालतात. इंजिन ऑइल सतत फिरत असते, ब्रेक ऑइल फिरत नाही. ते टाकीपासून कॅलिपरपर्यंत जागच्या जागी पुढे-मागे सरकते आणि सर्वांत जुने, सर्वांत तापलेले ऑइल कॅलिपरमध्येच पडून राहते. काही वर्षांपूर्वी मी माझी गाडी पावसाळ्यानंतर एका गॅरेजमध्ये दिली असता, तेथे टाकीत फक्त वरून नवे ऑइल ओतले गेले आणि ब्रेकचे काम पूर्ण झाल्याचे मला सांगण्यात आले. पुढे काजूच्या बागेतून चार पोती घेऊन उतरताना निम्म्या वाटेवर लिव्हर मऊ पडत गेली. पहिला गिअर आणि कडेचा बांध यांच्या आधाराने गाडी थांबली, म्हणून निभावले. नंतर कॅलिपरचे निप्पल (ऑइल बाहेर काढण्याचा छोटा पोकळ स्क्रू) उघडले तेव्हा पारदर्शक नळीतून आधी कोऱ्या चहासारखे काळपट, गढूळ ऑइल आले, आणि बऱ्याच वेळाने मधासारखे पिवळसर, स्वच्छ ऑइल दिसू लागले. टाकीत वरून भर घालणे म्हणजे ऑइल बदलणे नव्हे.

ऑइल कोणते घालायचे ते टाकीच्या झाकणावर कोरलेले असते. तेच घ्यावे आणि सीलबंद डबा घ्यावा. एटीव्हीसाठी अर्ध्या लिटरचा डबा बहुधा पुरतो. गेल्या वर्षी उघडून गोठ्याच्या फळीवर ठेवलेला अर्धा डबा वापरू नये, कारण त्यानेही तेवढाच पावसाळा पाहिलेला असतो. डॉट 5 हे सिलिकॉनचे ऑइल असून ते डॉट 3, डॉट 4 किंवा डॉट 5.1 मध्ये मिसळता येत नाही. ट्रॅक्टरबाबत विशेष काळजी घ्यावी : काही ट्रॅक्टरच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असते आणि त्यांच्या सीलना डॉट ऑइल चालत नाही. याउलट एटीव्हीच्या टाकीत चुकूनही हायड्रॉलिक किंवा इंजिन ऑइल पडले, तर सर्व रबरी वायसर (सील) फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून (लिव्हर दाबल्यावर टाकीतील ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागापासून) कॅलिपरपर्यंत सर्व सील बदलावे लागतात. याच कारणासाठी भाग पुसताना डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये.

कामाला हात घालण्याआधी गाडी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावी. आपल्याकडची तांबडी माती निप्पलभोवती सिमेंटसारखी घट्ट बसते. ती तारेच्या ब्रशने काढून निप्पलवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. जाम झालेले निप्पल जोर लावून फिरवले तर ते तुटते आणि नवीन कॅलिपरचा खर्च अंगावर येतो. पान्हा रिंगचाच घ्यावा (बहुतेक गाड्यांना 8 नंबरचा लागतो), उघड्या तोंडाच्या पान्ह्याने कडा गोल होतात. टाकीच्या झाकणाचे स्क्रूही मऊ असतात, म्हणून नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर घट्ट दाबून धरावा. ब्रेक ऑइल रंग खाते. त्यामुळे टाकीखाली जुने फडके गुंडाळावे, थेंब सांडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, आणि हातमोजे व चष्मा वापरावा.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत आणि टाकी सपाट राहील असे हँडल वळवून घ्यावे. टाकीतील जुने ऑइल नव्या, कोऱ्या सिरिंजने ओढून काढावे, तळाचा गाळ न धुतलेल्या चिंधीने नव्हे तर तंतू न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने टिपावा आणि मगच नवे ऑइल भरावे. हा गाळ आधी काढला नाही तर तोच नळीतून खाली कॅलिपरकडे ढकलला जातो.

यापुढचे काम दोघांचे आहे. एकाने लिव्हरपाशी बसावे, दुसऱ्याने चाकापाशी. निप्पलला पारदर्शक नळी घट्ट बसवून ती आधी वरच्या दिशेने वळवावी आणि तिचे टोक बाटलीत थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडलेले ठेवावे. चाकापाशी बसलेल्याने "दाब" म्हटल्यावर लिव्हर सावकाश तीन-चार वेळा दाबून शेवटी दाबूनच धरावी. "धरलं" असे उत्तर मिळाल्यावर निप्पल पाव ते अर्धा फेरा सैल करावे. ऑइल वाहून थांबत आले की निप्पल बंद करावे आणि त्यानंतरच "सोड" म्हणावे. हा क्रम एकदाही चुकू नये, कारण निप्पल उघडे असताना लिव्हर सुटली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तोवर केलेले सर्व काम पुन्हा करावे लागते. दर पाच-सहा वेळांनंतर टाकी पाहावी. ती रिकामी झाली की मास्टर सिलिंडरमध्येच हवा शिरते, आणि ती काढणे सर्वांत जिकिरीचे असते.

नळीत सतत बारीक बुडबुडे येत राहिले, तरी लिव्हर घट्ट लागत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही : निप्पल जास्त सैल केल्यास त्याच्या आट्यांतून हवा नळीत येते, ब्रेकच्या लाइनमधून नव्हे. निप्पल थोडे आवळून पाहावे. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते हाताशी नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. मागचा ब्रेक वेगळ्या टाकीवर चालत असेल तर त्याचेही ऑइल याच रीतीने बदलावे, ती टाकी सीटखाली किंवा मडगार्डआड असल्याने हमखास विसरली जाते.

सर्व करूनही लिव्हर स्पंजासारखी लागत असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ती रात्रभर दाबलेली ठेवावी आणि सकाळी पुन्हा थोडे ऑइल काढून पाहावे. बहुतेक वेळा राहिलेली हवा वर चढून निघून जाते. लिव्हर जोरात दाबून अर्धा मिनिट धरली असता ती हळूहळू खाली बसत असेल, तर दोष हवेचा नाही. कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे वायसर गेले आहे, आणि ती गाडी मेकॅनिककडेच न्यावी. टाकीतील पातळी मात्र पॅड झिजल्यानेही खाली जाते, म्हणून भर घालण्याआधी पॅडची जाडी पाहावी. पॅडचा थर एक मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर पॅड बदलावेत, आणि पिस्टन मागे सारताना टाकी ओसंडणार नाही याकडे लक्ष द्यावे.

हीच पद्धत मालवाहू पिकअपलाही लागू पडते. परंतु ज्या पिकअपला एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, तिचे काम वर्कशॉपमध्ये करून घ्यावे, कारण एबीएसच्या युनिटमध्ये अडकलेली हवा काढण्यास वेगळे उपकरण लागू शकते.

काम झाल्यावर प्रथम अंगणातच, माणसाच्या चालीने गाडी चालवून प्रत्येक ब्रेक वेगळा लावून पाहावा. त्यानंतर रिकाम्या गाडीने लहानसा उतार उतरावा आणि निप्पल पुन्हा कोरड्या बोटाने चाचपून पाहावे. पोती लादण्याची वेळ त्यानंतरची. काढलेले ऑइल विषारी असते. ते ओढ्यात, विहिरीच्या काठी किंवा गोठ्यात ओतू नये, कुत्र्या-जनावरांच्या तोंडी लागेल असे उघडे ठेवू नये. झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर ठळक अक्षरांत लिहून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. बहुतेक पुस्तिका दोन वर्षांनी ऑइल बदलण्यास सांगतात. आपल्या पश्चिम भागातील पाऊस पाहता दरवर्षी बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑइलचा प्रकार आणि बदलल्याची तारीख पक्क्या मार्करने टाकीजवळच्या प्लास्टिकवर लिहून ठेवावी.