रिपीटर लावण्याआधी करायचा हिशेब

‘वायफायची रेंज येत नाही, एक रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा) ठोकून द्या’ असं कुणी म्हटलं की मी आधी रेंज नाही, चॅनेल, म्हणजे वायफाय ज्या लहरपट्ट्यावर चालतं तो, किती वेळ बिझी आहे ते बघतो. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. प्रत्येक उपकरण आधी ऐकतं, शांतता दिसली की थोडं थांबून पॅकेट सोडतं. पाळी सगळ्यांना सारखी मिळते. पण एका पाळीत किती वेळ खायचा याला बंधन नाही. ग्यानबाची मेख इथे आहे.

1500 बाइटचं पॅकेट म्हणजे 12,000 बिट. लांबच्या कोपऱ्यातला कॅमेरा 1 एमबीपीएसवर (सेकंदाला दहा लाख बिट) घसरला असेल तर एका पॅकेटला 12 मिलिसेकंद लागतात. राउटरजवळचा लॅपटॉप 54 एमबीपीएसवर तेच काम 0.22 मिलिसेकंदात उरकतो. कॅमेऱ्याने जेमतेम अर्धा एमबीपीएस पाठवला तरी निम्म्याहून जास्त वेळ चॅनेल त्याच्या ताब्यात. तक्रार येते ती लॅपटॉपवाल्याची.

म्हणून आधी चोर शोधा. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) असेल तर तिच्या ‘सर्वे डंप’ या आदेशामध्ये चॅनेलचा बिझी वेळ दिसतो, ‘स्टेशन डंप’मध्ये प्रत्येकाचा सिग्नल आणि बिटरेट. कॅमेरा पाठवणारा आहे, तेव्हा ‘आरएक्स’ (राउटरला येणारा) बिटरेट बघा, आणि तोही चित्र चालू असताना. निवांत बसलेल्या उपकरणाचा आकडा उगाचच कमी दिसतो.

आता हिशेब. रिपीटर त्याच चॅनेलवर असेल तर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं. थेट 1 एमबीपीएसऐवजी 11 आणि 11 असे दोन टप्पे मिळाले, तर 12 मिलिसेकंदांच्या जागी 2.18. लावा डोळे झाकून. पण थेट 24 मिळत असताना 54 चे दोन टप्पे केले तर 0.50 चे 0.44 होतात, आणि प्रत्येक टप्प्याचं वेगळं थांबणं नि वेगळी पोच (पॅकेट मिळाल्याची पावती) यांत तेवढंही उरत नाही. माझा ठोकताळा: दोन्ही टप्प्यांचा वेग थेट वेगाच्या निदान तिप्पट हवा, नाहीतर पैसे वाचवा.

जागा निवडताना बहुतेक जण चुकतात. जिथे सिग्नल मेलाय तिथेच रिपीटर लावतात. त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? मुख्य राउटरचा सिग्नल उणे 65 डीबीएमपेक्षा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली जाणार नाही अशा जागी ठेवा.

रिपीटर शक्यतो दोन रेडिओंचा घ्या. राउटरकडचा टप्पा 5 गिगाहर्ट्झवर आणि कॅमेऱ्याकडचा 2.4 वर, राउटरचा 2.4 चॅनेल 1 वर असेल तर रिपीटरचा 6 किंवा 11 वर. मग कॅमेरा मूळ चॅनेलवरून पूर्ण उठतो. (तार ओढता येत असेल तर तीच ओढा, बाकी सगळं विसरा.)

दोन टोकांची उपकरणं एकमेकांना ऐकू येत नसतील तर राउटरपाशी त्यांची टक्कर होते. यावर आरटीएस थ्रेशोल्ड (ज्याहून मोठं पॅकेट सोडण्याआधी परवानगी मागावी लागते ती मर्यादा) कमी करणे, साधारण 500 बाइट, हा उपाय. पण तो पाठवणाऱ्यावर लावावा लागतो आणि स्वस्त कॅमेऱ्यात ती सोय सहसा नसते. रिपीटरवर मात्र ती मिळू शकते. एकाच चॅनेलवर काम भागवत असाल तर हा फायदा मोठा आहे.

रिपीटरवर एकापेक्षा जास्त नेटवर्क नावं ठेवू नका. प्रत्येक नावामागे सेकंदाला जवळपास 10 बीकन (‘मी इथे आहे’ असं सांगणारे संदेश) जातात, तेही सर्वांत संथ वेगाने. ज्यांची गरज नाही ते 1 आणि 2 एमबीपीएसचे जुने दर बंद करून टाका.

सगळं झाल्यावरही बऱ्याचदा कॅमेरा जुन्या राउटरलाच चिकटून बसतो. तेव्हा रिपीटरला वेगळं नाव देऊन कॅमेरा त्यावर जोडा, आणि राउटरच्या स्टेशन डंपमधून कॅमेऱ्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) गेला की नाही ते बघा.